आयर्नसाठी शाफ्टचा फ्लेक्स कसा निवडावा: मुंबईतल्या नव्या गोल्फ खेळाडूंसाठी

आयर्नचा, म्हणजे मधल्या अंतराच्या फटक्यांसाठीच्या क्लबचा, सेट घ्यायला गेलेल्या नव्या माणसाचं सगळं लक्ष हेडवर, चेंडू मारणाऱ्या भागावर, असतं. हेड चकाकतं, कंपनीचं नाव त्यावरच असतं. शाफ्टचा, म्हणजे क्लबच्या दांड्याचा, विषय निघतो तो अगदी बिल करायच्या वेळी. ‘साहेब, आर देऊ की एस?’ तरुण असेल तर एस, केस पिकले असतील तर आर, बाई असेल तर एल, असा निकाल उभ्या उभ्या लागतो आणि लाखाच्या घरातली खरेदी उरकते. मग चेंडू सारखा उजवीकडे का जातो किंवा अर्ध्या राउंडनंतर खांदे का भरून येतात, याची कारणं शोधण्यात पुढची दोन-तीन वर्षं जातात.

या सगळ्यातून मी गेलो आहे. पुढे घरातल्या आणि ओळखीतल्या बऱ्याच जणांबरोबर सेट निवडायलाही गेलो. त्यातून माझं मत पक्कं झालं आहे: आयर्नच्या बाबतीत शाफ्टवरचं अक्षर सगळ्यात शेवटी बघायचं. आधी स्विंगचा वेग, मग शाफ्टचं वजन, आणि त्यानंतर फ्लेक्स, म्हणजे शाफ्ट किती मऊ किंवा कडक आहे ते. हा क्रम पाळला तर निम्मा गोंधळ तिथेच मिटतो. खालच्या पायऱ्या त्याच क्रमाने आहेत.

सुरुवातीला: ही अक्षरं काय सांगतात

मऊपासून कडकपर्यंत क्रम असा: एल (लेडीज), ए, आर (रेग्युलर), एस (स्टिफ), एक्स (एक्स्ट्रा स्टिफ). ‘ए’ला काही कंपन्या सीनियर म्हणतात. मध्ये एसआर किंवा आर प्लस असे टप्पेही असतात. प्रोजेक्ट एक्ससारखा शाफ्ट अक्षरांऐवजी ५.०, ५.५, ६.०, ६.५ असे आकडे वापरतो. त्यात ५.० साधारण आरच्या जागी आणि ६.० एसच्या जागी धरतात.

या अक्षरांना सगळ्या कंपन्यांनी मान्य केलेलं एकच माप नाही, हे नव्या माणसाला कोणी सांगत नाही. एका कंपनीचा आर दुसऱ्या कंपनीच्या एसइतका कडक लागू शकतो. जपानमध्ये तिथल्या बाजारासाठी बनलेला आर बहुतेक वेळा अमेरिकी आरपेक्षा मऊ असतो. आकड्यांचीही तीच गत. ट्रू टेम्परच्या डायनॅमिक गोल्डमध्ये एस२००, एस३०० आणि एस४०० असे प्रकार आहेत. बऱ्याच जणांना वाटतं की ४०० सर्वांत कडक. प्रत्यक्षात तिघांचा फ्लेक्स एकच आहे, फरक आहे तो फक्त काही ग्रॅम वजनाचा.

शाफ्ट वाकतो म्हणजे काय होतं तेही थोडक्यात समजून घ्या. क्लब वरून खाली यायला सुरुवात होते तेव्हा हेड मागे राहतं आणि शाफ्ट मागे वाकतो. चेंडूजवळ येईपर्यंत तो सरळ होऊन किंचित पुढे वाकलेला असतो. हे पुढे वाकणं जितकं जास्त तितका चेंडू उंच जातो, आणि उजव्या हाताच्या खेळाडूचा चेंडू थोडा डावीकडे ओढला जातो. म्हणून फार मऊ शाफ्टने चेंडू उंच आणि डावीकडे, फार कडक शाफ्टने खाली आणि उजवीकडे, असा सर्वसाधारण कल दिसतो. ड्रायव्हरच्या (सर्वांत लांब क्लबच्या) मानाने आयर्नचा शाफ्ट आखूड असतो, त्यामुळे आयर्नमध्ये हा परिणाम कमी असतो. वजनाचा परिणाम मात्र प्रत्येक फटक्याला जाणवतो.

१. सेट घेण्याआधी स्विंगला थोडा वेळ द्या

खेळायला लागल्यापासून पहिल्या दोन-तीन महिन्यांत स्विंग दर आठवड्याला बदलतो. आज मोजलेला वेग पुढच्या महिन्यात खरा राहत नाही. या काळात कोचकडचा किंवा मित्राचा एखादा ७-आयर्न घेऊन सराव करा. शाफ्टची मोजणी बहुतेक वेळा ७-आयर्नवर होते, त्यामुळे तोच क्लब हातात बसलेला बरा.

तयारी झाली की नाही हे ओळखायची साधी रीत आहे. सरावाच्या चेंडूवर व्हाइटबोर्ड मार्करने ठिपका काढा आणि ठिपका क्लबच्या बाजूला येईल असा चेंडू ठेवा. फटका मारल्यावर फेसवर, म्हणजे हेडच्या चेंडूला लागणाऱ्या बाजूवर, खूण उमटते. दहापैकी सहा-सात खुणा फेसच्या मधल्या भागात येत असतील तर पुढे जा. खुणा टोकापासून हीलपर्यंत (शाफ्टकडच्या कडेपर्यंत) विखुरल्या असतील, तर कोणताही शाफ्ट लावला तरी चेंडू विखुरणारच. तो पैसा शिकवणीवर घाला.

२. वेग मोजून घ्या, अंतरावरून अंदाज बांधू नका

लाँच मॉनिटर नावाचं यंत्र क्लबहेडचा वेग मोजतं. ट्रॅकमॅन आणि फोरसाइटची यंत्रं जास्त वापरात आहेत. मुंबईत आता इनडोअर सिम्युलेटर निघाले आहेत, मोठ्या ब्रँडचे फिटिंगचे (खेळाडूला साजेसे क्लब जुळवून देण्याचे) दिवस होतात, आणि काही कोचकडे छोटी यंत्रंही असतात. चेंबूरच्या बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लबमध्ये किंवा विलिंग्डन स्पोर्ट्स क्लबमध्ये कोणी सदस्य ओळखीचे असतील तर त्यांना फिटिंग डे कधी आहे ते विचारून ठेवा. कोणाचीच ओळख नसेल तर सिडकोचं खारघर व्हॅली गोल्फ कोर्स सर्वांसाठी खुलं आहे. निघण्याआधी फोन करून वेळा विचारून घ्या, खास करून पावसाळ्यात.

७-आयर्नच्या वेगावरून सुरुवात कुठून करायची याचा ढोबळ अंदाज असा (वेग ताशी मैलांत):

- ७० च्या खाली: ए, आणि वेग फारच कमी असेल तर एल
- ७० ते ८०: आर
- ८० ते ९०: एस
- ९० च्या वर: एक्स

या सीमा काटेकोर नाहीत. ७८ आणि ८२ यांच्यामध्ये भिंत नाही, तिथल्या माणसाने दोन्ही बाजूंचे शाफ्ट मारून बघावेत. तुलनेसाठी सांगतो: पीजीए टूरवरच्या पुरुष खेळाडूंचा ७-आयर्नचा सरासरी वेग ९० मैलांच्या आसपास आहे, आणि एलपीजीए टूरवरच्या खेळाडूंचा ७६ च्या आसपास. म्हणजे जगातल्या उत्तम महिला व्यावसायिक खेळाडूंचा सरासरी वेग आरच्या टप्प्यात बसतो. ‘मी जिमला जातो, मला एसच लागेल’ म्हणणाऱ्या प्रत्येकाला मी हा आकडा सांगतो. दंडाच्या ताकदीवरून क्लबहेडच्या वेगाचा अंदाज येत नाही.

‘माझा ७-आयर्न १५० यार्ड जातो’ यावरून फ्लेक्स ठरवण्यात तीन गफलती होतात.

पहिली लॉफ्टची, म्हणजे फेस किती मागे कललेला आहे त्या कोनाची. जुन्या धाटणीच्या सेटमध्ये ७-आयर्नचा लॉफ्ट ३४ अंशांच्या आसपास असायचा. आजच्या नवशिक्यांसाठीच्या सेटमध्ये तो २८ ते ३० असतो. एकाच वेगाने मारलेला चेंडू दुसऱ्या क्लबने सहज दहा-पंधरा यार्ड पुढे जातो, वेग मात्र तोच असतो. दुसरी गफलत रेंजच्या चेंडूंची. ते झिजलेले असतात आणि बहुतेक वेळा कमी जातात. तिसरी गफलत घरंगळण्याची. एप्रिलमध्ये फेअरवे (कापलेल्या गवताचा मधला पट्टा) कडक असतो, चेंडू पडून बराच पुढे जातो. जुलैमध्ये तोच चेंडू पडला तिथेच रुततो. कॅरी म्हणजे हवेतलं अंतर, आणि तुलना करायचीच झाली तर कॅरीची करा. पण क्लबहेडचा वेग कळला असेल तर बाकी अंदाजांची गरज उरत नाही.

३. वजन ठरवा

हीच पायरी सगळ्यात महत्त्वाची, आणि नेमकी हीच सगळे गाळतात. मैदानावर बॅट निवडताना आपण आधी ती उचलून वजन बघतो, गोल्फमध्ये मात्र स्टिकर वाचून मोकळे होतो.

आयर्नचे शाफ्ट वजनाने साधारण तीन गटांत येतात. आकडे न कापलेल्या शाफ्टचे आहेत, क्लबच्या लांबीनुसार कापल्यावर काही ग्रॅम कमी होतात.

जड स्टील, ११० ते १३० ग्रॅम. डायनॅमिक गोल्ड एस३०० हा १३० ग्रॅमच्या आसपासचा, टूर खेळाडूंमध्ये वर्षानुवर्षं वापरात असलेला शाफ्ट. केबीएस टूर आरमध्ये ११० पासून एक्समध्ये १३० पर्यंत जातो.

हलकं स्टील, ९० ते ११० ग्रॅम. निप्पॉनचा एनएस प्रो ९५०जीएच, डायनॅमिक गोल्ड १०५ वगैरे. हौशी पुरुष खेळाडूंपैकी बहुतेकांचं उत्तर या गटात सापडतं, असा माझा अनुभव आहे.

ग्रॅफाइट, ५० ते ८० ग्रॅम. काही शाफ्ट याहून जडही असतात. ग्रॅफाइट म्हणजे म्हाताऱ्यांसाठी, हा समज अजून बराच पसरलेला आहे आणि तो सोडायला हवा. कोपर, मनगट किंवा बोटांचे सांधे दुखत असतील तर ग्रॅफाइट धक्का शोषून घेतं. टेनिस एल्बोचा त्रास झालेल्या माणसाने स्टील हातातही घेऊ नये, असं मी सांगतो.

वजन फार जास्त असेल तर ते लगेच कळत नाही. पहिले वीस चेंडू झकास जातात. जड क्लबने हाताला ठाम वाटतं, आवाजही छान येतो. खरी परीक्षा मे महिन्यातल्या दमट हवेत, शर्ट अंगाला चिकटलेला असताना, पंधराव्या होलवर होते. तिथे जड क्लब उशिरा खाली येतो, चेंडूच्या आधी जमीन लागते किंवा चेंडूचा वरचा भाग लागतो. थंड हवेच्या ठिकाणी खेळणाऱ्याला जे वजन चालतं ते मुंबईत चालत राउंड खेळणाऱ्याला चालेलच असं नाही. इथे बग्गी घेऊन खेळणार की चालत, हा प्रश्नसुद्धा शाफ्टच्या निवडीत येतो.

वजन फार कमी असेल तर उलटं होतं. हाताला हेड जाणवत नाही, माणूस घाईने मारतो, चेंडू डावी-उजवीकडे फेकला जातो. मजबूत, झटक्याने मारणाऱ्या माणसाला ५५ ग्रॅमचा शाफ्ट दिला की हे हमखास दिसतं.

वजन ठरवायची माझी रीत सांगतो. तिन्ही गटांतला एकेक ७-आयर्न घ्या आणि आळीपाळीने मारा. फ्लेक्स कोणता आहे ते त्या वेळी बघूच नका, स्टिकर झाकलं तर उत्तम. चांगला घाम येईपर्यंत मारत राहा. शेवटच्या पंधरा चेंडूंत ज्या क्लबने फेसच्या मध्ये सर्वाधिक फटके लागले, त्याचा गट तुमचा. सर्वांत लांब कोणता गेला याला इथे महत्त्व नाही.

शाफ्टवरचं स्टिकर निघालेलं असेल तर घरच्या किचनच्या डिजिटल काट्यावर आख्खा क्लब ठेवा. जड स्टीलचा ७-आयर्न साधारण ४३० ते ४४० ग्रॅम भरतो, हलक्या स्टीलचा ४१० च्या आसपास, आणि हलक्या ग्रॅफाइटचा ३८० च्या आसपास. जाड ग्रिप असेल तर थोडा फरक पडतो, पण गट ओळखायला एवढं पुरतं.

४. आता फ्लेक्स

वजनाचा गट ठरला की त्या गटातल्या दोन फ्लेक्समध्येच निवड उरते. वेगाने एक सुचवलेला असतो, दुसरा त्याच्या शेजारचा. त्यातला कोणता, हे टेम्पोवर, म्हणजे स्विंगच्या लयीवर, ठरतं.

दोन माणसांचा वेग ८० मैल असतो. एक जण वर थांबल्यासारखा होतो आणि सावकाश वेग वाढवत खाली येतो. दुसरा वर पोहोचायच्या आधीच खाली झेप घेतो. शाफ्टवर पडणारा ताण दुसऱ्याचा कितीतरी जास्त. पहिल्याला आर चालेल, दुसऱ्याला एस लागण्याची शक्यता जास्त. स्वतःचा टेम्पो स्वतःला कळत नाही. मोबाइलवर समोरून व्हिडिओ काढा आणि स्लो मोशनमध्ये वरचा क्षण बघा. मिझुनोच्या फिटिंगमध्ये शाफ्ट ऑप्टिमायझर नावाचा क्लब असतो. तो वेगाबरोबर टेम्पो आणि शाफ्टचं वाकणंही मोजतो. कुठे मिळाला तर जरूर मारून बघा.

फ्लेक्स चुकल्याची लक्षणं अशी:

- फार कडक: चेंडू खालून जातो, उजवीकडे राहतो, मध्यावर लागला तरी हाताला लाकडासारखं वाटतं, अंतर कमी पडतं.
- फार मऊ: चेंडू उंच चढून मध्येच पडतो, डावीकडे ओढला जातो, एकाच फटक्याची अंतरं वेगवेगळी येतात, हेड कुठे आहे याचा पत्ता लागत नाही.

ही लक्षणं स्विंगमधल्या दोषानेही दिसतात. स्लाइस (उजवीकडे वळत जाणारा फटका) मारणाऱ्याचा चेंडू मऊ शाफ्टनेही उजवीकडेच जाईल. म्हणून एका शाफ्टवरून निदान करू नका. दोन शाफ्ट, तेच हेड, तोच चेंडू, आणि मग फरक बघा.

महिला खेळाडूंसाठी एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. एल फ्लेक्स हा कमी वेगासाठी आहे. बाई खेळते म्हणून एल, हा नियम कुठेच नाही. वेग ७० च्या वर असेल तर आर मारून बघा आणि दुकानदाराने परस्पर गुलाबी ग्रिपचा सेट पुढे केला तर मोजणीचा आकडा दाखवा.

ड्रायव्हरमध्ये एस आहे म्हणून आयर्नमध्येही एसच हवा, असंही नाही. वेजमध्ये (जवळच्या, उंच फटक्यांच्या क्लबमध्ये) तर बरेच जण आयर्नपेक्षा थोडा जड आणि थोडा मऊ शाफ्ट ठेवतात.

५. चाचणीच्या दिवशी

सोबत काय न्यायचं:

- सध्याचा ७-आयर्न, मग तो उसना असला तरी चालेल
- कोरडे दोन ग्लव्ह (घामाने ओला झालेला ग्लव्ह निसटतो आणि सगळे आकडे बिघडतात)
- गोल्फचे बूट, चपला किंवा नवे स्पोर्ट्स शूज नकोत
- तुम्ही खेळता त्याच जातीचे पाच-सहा चेंडू, कारण काही ठिकाणी तुमचे चेंडू वापरू देतात
- व्हाइटबोर्ड मार्कर
- वही किंवा फोनमध्ये तक्ता: शाफ्टचं नाव, वजन, फ्लेक्स, वेग, कॅरी, किती डावी-उजवीकडे
- मनगटापासून जमिनीपर्यंतचं अंतर घरी मोजून लिहिलेलं, कारण लांबी आणि लाय अँगल (शाफ्टचा जमिनीशी होणारा कोन) त्यावरून ठरतात

निघताना अंग मोकळं करून जा. दुपारी ऑफिसातून थेट, लोकलमधून उतरून थंडगार एसी खोलीत पहिल्या दहा चेंडूंवर वेग मोजला तर तो खरा वेग नाही. पंधरा-वीस मिनिटं सराव करा, मग मोजणी सुरू करा. प्रत्येक शाफ्टने सात-आठ फटके मारा, त्यातले दोन सर्वांत वाईट सोडून द्या. सर्वांत चांगलाही सोडा. तोच एक फटका बघून माणूस भुलतो.

भाच्याच्या वेळचं उदाहरण देतो. मुलगा सव्वीस वर्षांचा, टेनिस बॉल क्रिकेट खेळून तयार झालेला हात. रेंजवर जाता जाताच म्हणाला, “मामा, मी एसच घेणार, उगाच आर नको.” वेग मोजला तर ८१-८२. पहिल्यांदा ९५ ग्रॅमचा आर दिला. चेंडू उंच चढले आणि डावीकडे झुकले. मग त्याने स्वतःच १३० ग्रॅमचा एस उचलला. सुरुवातीला चेंडू तिरासारखे सरळ गेले, गडी खूश झाला. तक्त्यात मात्र वेग हळूहळू खाली सरकत होता: ८१, ८०, ७८, ७७. बाजूला चेंडू मांडणारे कॅडी काका बराच वेळ बघत होते. ते म्हणाले, “साहेब, यांचा हात वरून घाईत येतो. कडक ठीक आहे, पण क्लब भारी पडतोय. बघा, आता माती आधी उडायला लागली.” चटईवर नव्हे, गवतावर मारत होतो म्हणून ते दिसलं. १०५ ग्रॅमचा एस दिला तेव्हा वेग ८१ वर परत आला आणि शेवटपर्यंत तिथेच राहिला, चेंडूही सरळ रांगेत पडले. अक्षर त्याच्या मनातलंच निघालं, फरक २५ ग्रॅमने पडला.

कॅडींचं ऐका. ते रोज कित्येकांचे फटके पाठीमागून बघतात. चेंबूरच्या आसपासच्या वस्त्यांतून आलेल्या काही कॅडींचा डोळा कुठल्याही यंत्रापेक्षा आधी घाई ओळखतो. फिटिंग करणाऱ्याला राग येईल म्हणून संकोच करू नका, दोघांना एकत्र बोलू द्या.

शक्य असेल तर निदान शेवटची फेरी गवतावर मारा. चटईवर क्लब जमिनीला आधी लागला तरी घसरत चेंडूपर्यंत जातो, आणि जड शाफ्टचा दोष झाकला जातो.

६. कुठे फसायला होतं

शाफ्ट हाताने वाकवून बघणं. दुकानात क्लब जमिनीवर टेकवून दाब देतात आणि ‘बघा, किती मस्त फ्लेक्स आहे’ म्हणतात. त्यातून वेगाने मारताना काय होईल ते काहीच कळत नाही.

परदेशातून येणारा सेट. अमेरिकेत भाऊ असतो, दुबईला मित्र असतो, सेट तिथे स्वस्त मिळतो. मागवायला हरकत नाही, पण आधी इथे ७-आयर्नवर चाचणी करून शाफ्टचं पूर्ण नाव, वजन आणि फ्लेक्स लिहून पाठवा. नुसतं ‘स्टील, रेग्युलर’ लिहिलंत तर कंपनी सेटबरोबर जो शाफ्ट लावते तो येईल. जपानहून आलेला जुना सेट असेल तर अक्षरावर मुळीच विसंबू नका, मारून बघा.

सेकंड हँड सेट. नव्या माणसासाठी हा चांगला मार्ग आहे आणि मी तोच सुचवतो, पण सगळे शाफ्ट एकाच जातीचे आहेत का ते एकेक करून बघा. एखादा तुटल्यावर दुसराच बसवलेला असतो. स्टिकर नसतील तर स्टीलच्या शाफ्टवरच्या पायऱ्या (जाडी बदलते तिथल्या कडा) बघा: शेजारशेजारच्या आयर्नमध्ये त्या एका ओळीने सरकायला हव्यात. (प्रोजेक्ट एक्सवर पायऱ्या नसतात, तो गुळगुळीत असतो.) हेडच्या वर, जिथे शाफ्ट आत जातो, तिथे गंज आहे का ते नखाने खरवडून बघा. समुद्रालगतच्या घरात बाल्कनीत ठेवलेल्या बॅगेत हा गंज हमखास सापडतो. ब्रँडच्या नव्या सेटची किंमत अविश्वसनीय कमी सांगत असतील तर तो खोटा माल समजा.

कापलेले क्लब. वडिलांचा जुना सेट कापून मुलाला किंवा बायकोला देणं आपल्याकडे सर्रास चालतं. अर्धा इंच कापला की स्विंगवेट (हाताला हेडचा भार किती जाणवतो त्याचं माप) साधारण तीन अंकांनी उतरतं, हेड हलकं लागतं आणि उरलेला शाफ्ट जास्त कडक होतो. ज्याला मऊ शाफ्ट हवा त्याच्याच हातात आपण कडक शाफ्ट देतो. लहान मुलांसाठी त्यांच्या मापाचे ज्युनियर क्लबच घ्या, वापरलेले मिळतात.

आणि ‘टूर’ शब्दाला भुलू नका. त्या शाफ्टमागे दिवसाचे सहा तास सराव करणारं शरीर असतं.

७. आहे त्या सेटचे शाफ्ट बदलायचे असतील तर

हेड आवडतं आहे आणि शाफ्ट चुकला आहे, तर सेट विकायची गरज नाही. शाफ्ट बदलून मिळतात. आधी एकच, ७-आयर्नचा, बदलून घ्या. महिनाभर खेळा, मग बाकीचे.

कारागिराकडे जाण्याआधी शाफ्टची टिप (हेडमध्ये जाणारं टोक) पॅरलल, म्हणजे एकसारख्या जाडीची, आहे की टेपर, म्हणजे निमुळती, ते विचारून ठेवा. पॅरललचा व्यास ०.३७० इंच, टेपरचा ०.३५५ इंच. चुकीचा शाफ्ट मागवला तर हेडमध्ये बसत नाही किंवा सैल बसतो. इपॉक्सी (शाफ्ट चिकटवायचा गोंद) पूर्ण सुकायला साधारण एक दिवस लागतो, ‘दोन तासांत खेळा’ म्हणणाऱ्याकडे देऊ नका. जुना ग्रॅफाइट शाफ्ट परत वापरायचा असेल तर तो पुलरने सरळ ओढून काढायला सांगा. पिळून काढला आणि जास्त तापवला तर त्याचे धागे सुटतात.

फरक थोडाच हवा असेल तर वेगळ्या फ्लेक्सचे शाफ्ट न घेताही जमतं. जाणकार कारागीर नव्या बांधणीच्या वेळी ६-आयर्नसाठीचा शाफ्ट ७ मध्ये, ७ चा ८ मध्ये असं एकेक घर सरकवून बसवतो. त्याने सगळा सेट किंचित मऊ होतो. उलट दिशेने सरकवला तर किंचित कडक. आर आणि एसच्या मध्ये अडकलेल्या माणसासाठी हा उत्तम तोडगा आहे.

८. पावसाळा आणि पुढची मोजणी

स्टीलवर क्रोमचा मुलामा असतो, पण ओरखडा पडला की मुंबईच्या हवेत तिथून गंज धरतो. पावसात खेळून आलात तर बॅगेतून सगळे क्लब बाहेर काढा, हेडचे टोपरे काढा, फडक्याने पुसून रात्रभर पंख्याखाली ठेवा. बॅग गाडीच्या डिकीत ठेवून विसरू नका.

वेग बदलत राहतो. शिकवणी नियमित सुरू असेल तर वर्षाने परत मोजा. कोपराचं दुखणं, खांद्याची शस्त्रक्रिया, लांब विश्रांती किंवा बाळंतपणानंतर पुन्हा खेळायला लागलात तर लगेच मोजा. पाचेक मैलांचा फरक पडला असेल तर आधी वजन बदलून बघा, फ्लेक्स त्यानंतर. पहिल्या चाचणीचा तक्ता फोनमध्ये जपून ठेवलेला असेल तर फिटिंग करणाऱ्याला सुरुवात कुठून करायची ते लगेच कळेल.